आजोबांचं जुनं रिव्हॉल्वर: हॅमर जड चालतोय, सिलिंडर नीट अडकत नाही, तपासणी कुठून सुरू करू?

मळभ:

नमस्कार मंडळी. आजोबांचं एक जुनं रिव्हॉल्वर आता माझ्या नावावर झालंय, लायसन्सची सगळी कागदपत्रं पूर्ण आहेत त्यामुळे तो विषय सोडून देऊ. स्मिथ अँड वेसनचं आहे, सहा गोळ्यांचं, सिलिंडर डावीकडे बाहेर येतो, नळी ५ इंची, मुठीच्या तळाला दोरी अडकवायची कडी, आणि मुठीवर अक्रोडाच्या साध्या गुळगुळीत पट्ट्या. आजोबांनी महायुद्धानंतर कधीतरी घेतलेलं. निदान तीस वर्षं ते चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात पडून होतं, आजोबा गेल्यावर कुणी हातच लावला नाही.

आता परिस्थिती सांगतो. उजव्या बाजूला जिथे चामडं टेकत होतं तिथे तांबडा गंज आलाय, हात फिरवला तर खरखरीत लागतो पण खोल खड्डे फार नाहीत असं वाटतं. हॅमर मागे ओढला की चिखलातून ओढल्यासारखा येतो आणि ट्रिगर सोडला तर पटकन पुढे येत नाही, रेंगाळत येतो. सिलिंडर हाताने हलवला तर थोडा खुळखुळतो आणि हॅमर अगदी हळू मागे नेला तर एकदोन ठिकाणी सिलिंडर पूर्ण फिरून अडकलाय असं वाटत नाही, मी बोटाने जरा ढकलला की मग टक्कन बसतो.

होल्स्टरच्या पट्ट्यात चार जुन्या गोळ्यापण होत्या, पितळ हिरवं पडलेलं.

माझे प्रश्न असे की एक, हे चालवण्याच्या लायकीचं आहे की नाही ते घरच्या घरी कितपत कळू शकतं, दोन, गंज कसा काढायचा, आणि तीन, पूर्ण पॉलिश करून नवीन ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा काळा-निळा थर, करून घेऊ का. आजोबांची वस्तू आहे, विकायची नाहीये, पण अशी सडत ठेवायची पण नाहीये. कधीतरी रेंजवर नेऊन दोनचार गोळ्या झाडता आल्या तर मला खूप आनंद होईल.

घड्याळजी:

मळभ, आधी एक विनंती. अजून तेल मारलं नसशील तर मारू नकोस. ताजं घट्ट तेल किंवा ग्रीस सांध्यात भरलं की झीज झाकली जाते, सिलिंडर आहे त्यापेक्षा घट्ट वाटतो आणि मग तपासणीला अर्थ राहत नाही. पहिली तपासणी आहे त्या कोरड्या अवस्थेत, तेलपाणी नंतर.

त्याच्याही आधी, सिलिंडर उघडून सहाही चेंबरमधून, म्हणजे गोळ्या बसतात त्या भोकांमधून, पलीकडचा उजेड दिसतोय का बघ, मग परत एकदा बघ, आणि त्या चार गोळ्या त्या खोलीतून बाहेर नेऊन ठेव. हिरव्या पडलेल्या गोळ्या झाडायचा विचार मनात आणू नकोस, खरवडून साफ पण करू नकोस, जिथे जमा करता येतात तिथे जमा करून टाक. तपासणीच्या वेळी खोलीत जिवंत गोळी नको, हा माझा नियम आहे आणि तो मी कुणासाठीही मोडत नाही.

आता क्रमाने. सिलिंडर बंद कर, हॅमर खाली, ट्रिगर पूर्ण मागे दाबून धरून ठेव. गोळी सुटते त्या क्षणी यंत्र ज्या अवस्थेत असतं ती ही अवस्था, म्हणून तपासायचं ते ट्रिगर दाबलेला असतानाच. दुसऱ्या हाताने सिलिंडर डावी उजवीकडे हलवून बघ. स्मिथ अँड वेसनमध्ये इथे किंचित हालचाल असते आणि ती चालते. जुन्या कोल्टमध्ये मात्र ट्रिगर दाबलेला असताना सिलिंडर जवळजवळ जाम व्हायला हवा कारण त्यांच्यात सिलिंडर फिरवणारा हात शेवटपर्यंत ढकलत राहतो, त्यामुळे कोल्टवाल्याने सांगितलेलं माप तुला लावू नकोस आणि तुझं कोल्टला लावू नकोस. लोक इथेच गोंधळतात आणि चांगलं स्मिथ बाद समजून बसतात.

मग सिलिंडर पुढे मागे ढकल, म्हणजे नळीच्या दिशेने आणि परत. ही हालचाल महत्त्वाची. फीलर गेजचा संच आण, गाडीच्या कामाला वापरतात तोच चालतो. सिलिंडर मागे दाबून धरून नळीचं मागचं तोंड आणि सिलिंडर यांच्यातली फट मोज, मग सिलिंडर पुढे दाबून धरून तीच फट परत मोज. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे तुझा एंड शेक. तो ०.०५ मिमीच्या आसपास असेल तर छान, ०.०८ ला मी भुवई उचलतो, त्याच्या पुढे असेल तर आधी दुरुस्ती मग रेंज. फट स्वतः ०.१० ते ०.२० मिमीमध्ये असली तर उत्तम, ०.२५ च्या वर गेली की गॅस वाया जातो आणि बाजूला शिशाचे कण उडतात. आणि फट फार कमी पण नको, दहावीस गोळ्यांनंतर काजळी साचली की सिलिंडर घासायला लागतो. मोजमाप सहाही चेंबरवर कर, एकावर नाही, कारण सिलिंडरचं तोंड सगळीकडे सारखं असेलच असं नाही.

आता तुझी खरी तक्रार, टायमिंग. हॅमर मागे ओढताना आत एक हात सिलिंडरच्या मागच्या दातेरी चक्राला ढकलतो आणि खालून एक खुंटी, सिलिंडर स्टॉप म्हणतात तिला, वर येऊन खाचेत बसते. ती खाचेत बसल्यावरच हॅमर पूर्ण मागे जाऊन अडकायला हवा. उलटं झालं, म्हणजे हॅमर अडकला पण खुंटी अजून खाचेत नाही, तर चेंबर आणि नळी एका रेषेत नसताना गोळी सुटू शकते. तपासायला सिलिंडरवर बोट अगदी हलकं टेकव, ब्रेक लावल्यासारखं, आणि हॅमर मुंगीच्या पावलाने मागे ने. सहाही चेंबरवर. ज्या चेंबरवर उशीर होतोय त्यावर खडूने खूण कर. मग तेच डबल ॲक्शनने, म्हणजे हॅमर हाताने न ओढता नुसता ट्रिगर हळूहळू दाबून कर.

पण एक गोष्ट नवीन माणसाला कुणी सांगत नाही. या जुन्या स्मिथमध्ये ते दातेरी चक्र एक्स्ट्रॅक्टरचाच, म्हणजे पुंगळ्या बाहेर काढणाऱ्या तुकड्याचाच, भाग असतं आणि चेंबर रिकामे असताना ते जरासं सैल हलतं. चेंबरमध्ये झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या किंवा डमी, म्हणजे दारू नसलेल्या खोट्या गोळ्या, घातल्या की ते जागेवर घट्ट बसतं आणि अर्धे उशीर तिथेच गायब होतात. म्हणून सहा रिकाम्या पुंगळ्या मिळव आणि त्या घालून परत तपास, मगच निकाल लाव. डमी असेल तर ती खरंच डमी आहे ना हे प्रत्येक नगाचं बघ.

नंतर हॅमर पूर्ण मागे ओढून अडकव, ट्रिगरला बोट लावू नकोस, आणि अंगठ्याने हॅमर मागून पुढे नीट जोर लावून ढकल. सुटला तर कुणीतरी पूर्वी आत कानस चालवलेली आहे, ट्रिगर हलका करण्याच्या नादात. असं असेल तर तिथेच थांब आणि गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे ने.

नळीत टॉर्च टाकून बघ. गंज, खड्डे एका बाजूला, पण मी आधी शोधतो ती अंगठी, म्हणजे नळीत मध्येच एखादं काळं गोल वळं दिसतं. पूर्वी कधीतरी एक गोळी आत अडकली आणि तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी तिथे फुगते आणि असं वळं उमटतं. नळीचं मागचं तोंडही बघ, तिथे बारीक तडा नको. सिलिंडर उघडून फिरव आणि इजेक्टर रॉडच्या, म्हणजे पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांडीच्या, टोकाकडे बघ, ते टोक एका जागी फिरलं पाहिजे, भोवऱ्यासारखं डुललं तर रॉड वाकलाय.

हे सगळं करून आकडे इथे टाक. आणि नळीवर नक्की काय कोरलंय, मुठीच्या तळाला नंबर काय प्रकारचा आहे म्हणजे पुढे एखादं अक्षर आहे का, तेही लिही, पूर्ण नंबर टाकू नकोस.

जुनेर:

गंजाबद्दल मी लिहितो, घड्याळजींनी बाकीचं उत्तम सांगितलंच आहे.

पहिलं म्हणजे ते होल्स्टरमधून कायमचं बाहेर काढा. चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात असतात, वर्षानुवर्षं पोलादाला टेकून राहिलं की हाच निकाल लागतो, एका बाजूला गंज आणि दुसरी बाजू जवळपास नवी. तुमच्या वर्णनात अगदी तेच आहे. होल्स्टर जपा, पण वेगळं.

सँडपेपर, वायर ब्रश, पॉलिशची चाकं, ताटं घासायची काथ्यासारखी तार, यातलं काहीही नको. पातळ भेदक तेल लावून एक दोन दिवस भिजू द्या, मग सर्वात बारीक नंबरची स्टील वूल, चार शून्यांची असते ती, तेलात बुडवून बोटांच्या जोरानेच हळू घासा. ब्राँझ वूल मिळाली तर त्याहून बरी. तेल तांबडं झालं की पुसा, नवीन तेल, परत. घाई झाली की खालचं शाबूत काळं फिनिश पण निघतं आणि ते परत येत नाही. मी एका बाजूला तीन संध्याकाळ घालवल्यात.

जिथे जास्त गंज आहे तिथे दुसरी पद्धत आहे पण त्याला पूर्ण सुटं करावं लागतं. तांबडा गंज उकळत्या डिस्टिल्ड पाण्यात ठेवला तर त्याचं काळ्या ऑक्साइडमध्ये, मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होतं, मग वरचा मखमलीसारखा काळा थर मऊ ब्रशने झाडून काढायचा. जुन्या काळी बंदुकांना जे रस्ट ब्लूइंग करत ते याच रसायनावर चालतं. म्हणजे गंज खरवडून पोलाद उघडं करण्याऐवजी गंजालाच संरक्षक थर बनवायचं. नळाचं पाणी नको, क्षारांचे डाग पडतात. लाकूड, स्प्रिंगा, आतले भाग हे सगळं आधी काढलेलं असलंच पाहिजे.

निकेल मुलामा असलेलं कुणाकडे असेल त्यांच्यासाठी, अमोनिया असलेलं सॉल्व्हंट लावू नका, मुलाम्याखाली बऱ्याचदा तांब्याचा थर असतो आणि निकेलला कुठे चीर असेल तर तिथून शिरून खालचं तांबं खातं, मग पापुद्रे सुटतात.

मुठीच्या पट्ट्या काढताना कडेला पेचकस घालून उचकटू नका. स्क्रू तीन चार आटे सैल करा आणि स्क्रूच्या डोक्यावर हलकं ठोका, समोरची पट्टी आपोआप सुटते. सुटली की उजव्या पट्टीची आतली बाजू बघा, तिथे कधीकधी पेन्सिलने लिहिलेला किंवा ठोकलेला नंबर असतो आणि तो मुठीच्या तळाच्या नंबराशी जुळला तर पट्ट्या मूळच्या. तोच नंबर सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या बाजूला, जिथे इजेक्टर रॉड बसतो त्या जागी, असायला हवा. हे सगळे जुळले तर तुमच्या हातात कारखान्यातून एकत्र निघालेले भाग आहेत, आणि अशा वस्तूला मी तरी दहा वेळा विचार करून हात लावेन.

धारदार७:

मी तर म्हणतो सरळ पॉलिश करून ब्लूइंग करून घ्या, विकायचं नाहीये ना मग किमतीचा विचार कशाला, चकचकीत दिसेल आणि गंजाची कटकट कायमची संपेल.

रेवा:

धारदार७, मनापासून सांगते, असं करू नका आणि करायला सांगू पण नका. मी केलंय. बाबांचं एक रिव्हॉल्वर होतं, ब्लूइंग उडालेलं, मी एका ठिकाणी दिलं. परत आलं ते आरशासारखं. पण कोपरे सगळे गोलावले होते, स्क्रूंच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झालेल्या, साइडप्लेट म्हणजे आतलं यंत्र झाकणारी बाजूची पट्टी, ती आणि फ्रेम यांच्यातली जी रेघ केसाएवढी असायची ती लांबून दिसायला लागली, आणि नळीवरची अक्षरं अर्धी पुसलेली. बाबांचा अंगठा जिथे टेकायचा तिथे वीसेक वर्षांत धातू करडा झाला होता, ती जागा मला आंधळेपणाने पण सापडायची. ती पण गेली. आता ते कुणाचंही असू शकतं.

आणि गंजाची कटकट संपत नाही हो. ब्लूइंग म्हणजे रंग नाही, तो पोलादावरचाच एक पातळ ऑक्साइडचा थर आहे, तेल न लावता ओलीत ठेवलं तर त्याच्यावर पण गंज येतो.

मळभदादा, आजोबांची वस्तू आहे असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. गंज थांबवा, खुणा राहू द्या.

मळभ:

सगळ्यांचे खूप आभार, रेवाताई तुमचं वाचून ब्लूइंगचा विचार सोडला.

आठवडाभर वेळ मिळेल तसं सगळं केलं. फट सिलिंडर मागे धरून ०.२० मिमी आणि पुढे धरून ०.१२, म्हणजे एंड शेक ०.०८. सहाही चेंबरवर जवळपास हेच. हॅमर अंगठ्याने ढकलला, अजिबात सुटला नाही. नळीत वळं नाही, सुरुवातीच्या भागात बारीक खड्डे आहेत, मागच्या तोंडाला भिंगाने बघूनही तडा दिसला नाही. रॉड सरळ फिरतोय. टायमिंग तीन चेंबरवर उशिरा होतं, घड्याळजींनी सांगितल्याप्रमाणे रिकाम्या पुंगळ्या घालून परत बघितलं तर दोन सुधारले, एकावर अजून उशीर आहेच, पण अगदी थोडा. डबल ॲक्शनने तोपण नीट बसतो.

नंबर सगळीकडे जुळतोय, सिलिंडरवर, नळीखाली, पट्टीच्या आत पण! पट्टी उघडल्यावर आतला नंबर दिसला तेव्हा खरं सांगतो अंगावर काटा आला. नंबरच्या पुढे इंग्रजी व्ही अक्षर आहे, फक्त व्ही.

नळीवर .३८ एस अँड डब्ल्यू असं कोरलंय. आता एक शंका, मी रिकाम्या पुंगळ्या मिळवल्या त्या .३८ स्पेशलच्या होत्या, रेंजवरच्या एकाने दिल्या, आणि त्या आत व्यवस्थित गेल्या, पूर्ण शेवटपर्यंत. एक डमी गोळी पण पूर्ण गेली. मग मी .३८ स्पेशल वापरू शकतो असं समजायचं का?

घड्याळजी:

नाही! थांब. बरं झालं विचारलंस, हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा निघाला.

.३८ एस अँड डब्ल्यू आणि .३८ स्पेशल ही दोन वेगळी काडतुसं आहेत, नावातल्या ३८ मुळे लोक फसतात. एस अँड डब्ल्यूची पुंगळी साधारण २० मिमी लांब, स्पेशलची २९ मिमीच्या वर. एस अँड डब्ल्यूची पुंगळी जाड असते, तळाशी जवळपास ९.८ मिमी, स्पेशलची ९.६. गोळीचा व्यास पण वेगळा, .३६१ इंच आणि .३५८ इंच.

कारखान्यातून आलेल्या तुझ्या चेंबरमध्ये स्पेशलची पुंगळी घातली असती तर ती बारीक असल्यामुळे शिरली असती, पण सुमारे २० मिमीवर चेंबरमध्ये एक पायरी असते तिथे अडकून जवळपास एक सेंटिमीटर बाहेर राहिली असती आणि सिलिंडर बंदच झाला नसता. तुझ्यात ती शेवटपर्यंत गेली याचा अर्थ एकच, कुणीतरी नंतर रीमर, म्हणजे भोक वाढवायचं हत्यार, घालून चेंबर लांब केलेत. टॉर्च लावून चेंबरच्या आत बघ, पायरी पुढे सरकलेली दिसेल आणि कदाचित जुन्या पायरीच्या जागी एक पुसट गोल रेघ पण दिसेल.

यामागे इतिहास आहे. व्ही म्हणजे व्हिक्टरी, १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत स्मिथ अँड वेसनने आपलं मिलिटरी अँड पोलिस मॉडेल युद्धासाठी या अक्षराने बनवलं. अमेरिकेच्या सैन्याला गेली ती .३८ स्पेशलमध्ये आणि बहुतेक ४ इंची नळीची, ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या सैन्यांना गेली ती .३८ एस अँड डब्ल्यूमध्ये आणि बहुतेक ५ इंची, कारण त्यांचं सरकारी काडतूस .३८/२०० म्हणजे हीच पुंगळी होती. तुझी ५ इंची नळी, कडी, गुळगुळीत पट्ट्या, सगळं त्याच्याशी जुळतं. युद्ध संपल्यावर अशी रिव्हॉल्वरं ढिगाने बाजारात आली आणि .३८ स्पेशल सहज मिळतं म्हणून व्यापाऱ्यांनी त्यांचे चेंबर लांब करून विकली. काहींनी नळी कापून आखूडपण केली, तुझी वाचली.

अडचण अशी की रीमरने लांबी वाढते पण तळाकडची रुंदी कमी होत नाही. म्हणजे मागचा भाग अजूनही जाड पुंगळीसाठीच आहे. त्यात स्पेशल झाडलं की पुंगळी तळाकडे फुगते, कधी उभी फाटते आणि गॅस मागे येतो. शिवाय बारीक गोळी रुंद नळीतून जाते त्यामुळे नेम लागत नाही ते वेगळं. त्या पुंगळ्या तुझ्या सिलिंडरमध्ये सैल हलल्या असतील, आठवून बघ.

म्हणून .३८ स्पेशल नाही, आणि जास्त दाबाच्या प्लस पी गोळ्या तर नाहीच. आणि हो, टायमिंगचा तुझा निकाल पण त्या बारीक पुंगळ्यांवर काढलेला आहे, एस अँड डब्ल्यूच्या पुंगळ्या मिळवून परत बघ, एक्स्ट्रॅक्टर जास्त घट्ट बसेल.

सूक्ष्मदर्शी:

घड्याळजींच्या बोलण्यात एक भर घालतो, फक्त व्ही अक्षर आहे म्हणून.

१९४४ च्या अखेरीस अमेरिकेच्या नौदलात एक रिव्हॉल्वर खाली पडून सुटलं आणि एक नौसैनिक दगावला. त्या वेळच्या डिझाइनमध्ये हॅमर ब्लॉक होता, म्हणजे ट्रिगर दाबलेला नसताना हॅमर आणि फ्रेम यांच्यामध्ये येऊन हॅमरला काडतुसापर्यंत पोचू न देणारी पोलादाची पट्टी, पण ती साइडप्लेटमध्ये बसवलेल्या एका स्प्रिंगवर चालायची आणि घट्ट झालेल्या ग्रीसमुळे जागेवर येऊ शकली नाही तर संरक्षण संपलं. मग कंपनीने सरकणारा नवीन हॅमर ब्लॉक बनवला, जो ट्रिगरच्या हालचालीशीच जोडलेला असतो त्यामुळे स्प्रिंगच्या भरवशावर राहत नाही, आणि तो ज्यात घातला त्यांच्या नंबरात व्हीच्या जोडीला एस अक्षर आलं. आजची त्यांची रिव्हॉल्वरं त्याच कल्पनेवर चालतात.

मळभ, तुमच्यात एस नाही. म्हणजे जुना ब्लॉक, आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय की आतलं सगळं चिखलासारखं चालतंय. म्हणजे जी परिस्थिती त्या अपघाताला कारण झाली तीच तुमच्या हातात आहे. साफ केल्यावरसुद्धा हॅमरच्या खाली जिवंत गोळी कधीच ठेवायची नाही, पाच भरायच्या आणि रिकामा चेंबर हॅमरखाली.

अजून एक बघा. हॅमर खाली, ट्रिगर सोडलेला, सिलिंडर बाहेर. हॅमरला अंगठ्याने पुढे दाबून बाजूने नजर टाका, हॅमरची चोच, म्हणजे काडतुसावर ठोका मारणारं पुढचं टोक, समोरच्या भोकातून बाहेर डोकावायला नको. मग सिलिंडर सोडवायचं बटण मागे ओढून धरून ट्रिगर दाबा, अंगठा हॅमरवर ठेवून हळू खाली सोडा, तेव्हा ती दिसली पाहिजे. टोक गोलसर हवं, तुटकं किंवा टोकदार नको. ती चोच हॅमरवर किंचित वरखाली हलते ते बरोबर आहे, ढिली झाली असं समजू नका.

मळभ:

अंगठ्याने दाबल्यावर चोच डोकावत नाही. पुंगळ्या सैल होत्या हे अगदी बरोबर, मला तेव्हा ते चांगलंच वाटलं होतं, सहज जातायत म्हणून. चेंबरमध्ये टॉर्चने बघितलं, जुन्या पायरीच्या जागी रेघ दिसते.

आता आतली घाण काढायला साइडप्लेट उघडावी लागेलच का? आणि मी उघडू का?

घड्याळजी:

आधी न उघडता करून बघ. पट्ट्या काढ, मिनरल स्पिरिट किंवा स्वच्छ रॉकेल एका भांड्यात घेऊन फ्रेम रात्रभर बुडवून ठेव, खिडकी उघडी आणि आसपास आग नको. सकाळी बुडलेल्या अवस्थेतच हॅमर आणि ट्रिगर सावकाश पन्नासेक वेळा हलव. जे बाहेर पडेल ते बघून तुला कळेल काय साचलं होतं. द्रव बदल, परत. मग पूर्ण निथळू दे, वाळू दे, आणि सांध्यांवर एकेक थेंब पातळ तेल, थेंब म्हणजे सुईच्या टोकावरचा. जास्त तेल ओतलं की तेच पुढच्या तीस वर्षांत परत चिकट होणार.

हॅमरची रेंगाळण गेली तरी ब्लॉक मोकळा झाला की नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून एकदा उघडावं लागेलच. पण ते काम पहिल्यांदा तू एकट्याने करू नयेस असं मला वाटतं, जाणकार गनस्मिथच्या शेजारी बसून बघ. तरी स्वतः करायचंच म्हणालास, आणि तुझ्याकडच्या कायद्यात ते बसत असेल, तर काही गोष्टी पाठ कर. पेचकस उतरत्या धारेचा चालणार नाही, दोन्ही बाजू समांतर आणि खाचेत तंतोतंत भरणारा हवा, नाहीतर स्क्रूची डोकी फाटतात आणि ती जखम कायम दिसते. तुझ्या मॉडेलला साइडप्लेटचे चार स्क्रू आणि पाचवा ट्रिगर गार्डच्या पुढे, ज्याच्यामागे सिलिंडर स्टॉपची स्प्रिंग आहे. कोणता कुठला ते कागदावर आकृती काढून त्यातच टोचून ठेव, अदलाबदल करू नकोस, सिलिंडर ज्यावर बाहेर झुलतो त्या बिजागरीसारख्या भागाला धरणारा पुढचा स्क्रू त्याच जागेसाठी घासून बसवलेला असतो.

साइडप्लेट कधीही उचकटायची नाही. कधीही नाही. फ्रेम हातात सैल धरून मुठीच्या पोलादावर लाकडी दांड्याने ठोकत राहा, कंपनाने प्लेट आपोआप वर येते. मागे बसवताना पण बोटांनी बसली पाहिजे, स्क्रूने ओढून बसवली तर कड वाकते. आणि मेनस्प्रिंगला, म्हणजे हॅमरला जोर देणाऱ्या स्प्रिंगला, ताण देणारा मुठीच्या पुढच्या बाजूचा छोटा स्क्रू पूर्ण आवळलेला ठेव, तो सैल करून ट्रिगर हलका होतो हे खरं पण मग हॅमरचा ठोका कमी पडतो आणि गोळ्या उडत नाहीत.

एंड शेकला ०.०५ मिमीची एक वॉशर पुरेल, आणि त्या एका चेंबरच्या उशिराला बहुतेक किंचित रुंद हात बसवावा लागेल. दोन्ही गनस्मिथची कामं.

मळभ:

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमस्व.

रॉकेलमधून जे निघालं ते काळ्या गुळासारखं होतं, दोनदा बदलावं लागलं. त्यानंतर ट्रिगर सोडला की टक्कन पुढे येतो, फरक इतका की मी रात्री उठून परत एकदा बघितला. मग एका म्हाताऱ्या गनस्मिथकाकांकडे नेलं, त्यांनी मला शेजारी बसवून उघडलं. हॅमर ब्लॉक खरंच त्याच्या खोबणीत चिकटून बसला होता, पूर्ण बाहेर येत नव्हता. सूक्ष्मदर्शी, तुम्ही लिहिलं नसतं तर मी रॉकेलवरच समाधान मानून रेंजवर गेलो असतो. काकांनी साफ केला, स्प्रिंग चांगली आहे म्हणाले. एंड शेकची वॉशर बसवली, आता ०.०३ आहे. .३८ एस अँड डब्ल्यूच्या पुंगळ्या घालून टायमिंग बघितलं तर सहावा चेंबर पण वेळेवर बसला, त्यामुळे हात बदलायची गरज नाही असं त्यांचं मत पडलं.

लांब केलेल्या चेंबरबद्दल त्यांनी स्पष्ट सांगितलं की भिंती त्यांनी मोजल्या, त्यांना तडा दिसला नाही, कमी दाबाच्या .३८ एस अँड डब्ल्यू गोळ्या वापरायच्या, त्यापण सुरुवातीला एकेक भरून आणि प्रत्येक पुंगळी बघून. फुगलेली किंवा फाटलेली दिसली की तिथेच थांबायचं.

गंज जुनेर यांच्या पद्धतीने तेल आणि वूलने काढला, चार संध्याकाळ लागल्या. उजव्या बाजूला करडे ठिपके राहिलेत, ते राहू देतोय.

गोळ्या अजून मिळाल्या नाहीत, शोधतोय. तोपर्यंत एक विचारायचं होतं, ठेवायचं कसं? होल्स्टर नको हे कळलं.

जुनेर:

तेलाचं बोट फिरवून, सिलिकॉनच्या मोज्यात किंवा स्वच्छ सुती कापडात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्या ओलावा धरून भरल्या की वाळवून परत वापरता येतात. फोमच्या अस्तराची पेटी नको, फोम पण चामड्यासारखाच ओल धरतो. दर दोन तीन महिन्यांनी काढा, कापडाने पुसा, परत तेलाचं बोट, आणि उघड्या हाताने हाताळलं असेल तर त्याच दिवशी पुसा, घामातलं मीठ रात्रभरात डाग पाडतं.

आणि रेंजवर जुन्या सैनिकी गोळ्या कुणी देऊ केल्या तर आधी प्रायमर, म्हणजे ठोका बसल्यावर दारू पेटवणारी बुडाची टोपी, कोणता ते विचारा. त्या काळच्या बऱ्याच प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं, झाडल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊ, हवेतलं पाणी ओढून घेतो. ते तेलाने जात नाही, पाण्यातच विरघळतं, म्हणून नळी आणि चेंबर आधी गरम पाण्याने धुवायचे, पूर्ण वाळवायचे आणि मग तेल. तुमच्या नळीतले सुरुवातीचे बारीक खड्डे बहुतेक त्याचेच असावेत.

रेवा:

मळभदादा, ते करडे ठिपके राहू दिलेत हे वाचून बरं वाटलं. पट्टीच्या आतल्या नंबरचा फोटो काढून ठेवा, पुढे घरात कुणाला दाखवायचा झाला तर परत स्क्रू उघडायला नको.